नवं रीळ आणि पोस्टमन

"उलटं फिरत नाही," लिफ्टकाका फोनवर म्हणाले. "मूठ पुढे फिरते, मागे फिरत नाही. माल खराब आलाय तुमचा."

दुकानातली मुलगी पलीकडून शांतपणे म्हणाली, "काका, ते तसंच असतं."

"तसंच कसं? जुन्याला खाली एक खटका होता. खटका सरकवला की उलटं फिरायचं. इथं खटकाच नाही."

"आता देत नाहीत काका खटका. त्या फटीतून खारं पाणी आत जातं ना. दोरा सोडायचा असला की पुढची चकती सैल करायची, बस. हे बदलून दहा वर्षं झाली."

"दहा?"

"जास्तच असतील."

लिफ्टकाकांनी फोन ठेवला आणि टेबलावर काढून ठेवलेले तीन स्क्रू गुपचूप परत बसवले. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. जी वस्तू एकाच दिशेला जाते ती बिघडलेली, तिच्यावर 'बंद आहे'ची पाटी लावायची आणि झाकण उघडायचं, हे त्यांच्या हातांना इतकं ठाऊक होतं की गळाच्या नव्याकोऱ्या रिळाचं खोकं फोडल्यावर पाचव्या मिनिटाला हातात स्क्रूड्रायव्हर आलेला होता. लिफ्ट सोडून सहा वर्षं झाली तरी इमारतीतले सगळे त्यांना लिफ्टकाकाच म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

त्यांनी रीळ पुन्हा हातात घेतलं. चहाच्या भरल्या कपाएवढंही वजन नव्हतं. मूठ फिरवली की पुढची चकरी हळूच वरखाली होत होती, तारेची कडी मिटताना 'टक्' एवढंच म्हणत होती, आणि बाकी आवाज म्हणून नाही. नावं ठेवायला कुठे जागा सापडेना, आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

खरं तर राग रिळाचा नव्हता. रीळ घरात आलं होतं ते त्यांच्याच एका थापेमुळे.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. त्याआधी सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी दोघं धक्क्यावर जात. ते गळ टाकत. ती शेजारी घडीच्या स्टुलावर बसून विणकाम करी आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत देई. माशांमध्ये तिला काडीचा रस नव्हता. "मासा लागला की मला उठवा," असं म्हणून ती कित्येकदा बसल्या जागी डुलक्या काढी. ती गेल्यानंतर लिफ्टकाका एकदाही धक्क्यावर गेले नाहीत. काठी दाराच्या मागे उभी होती. दार उघडलं की ती झाकली जाई, म्हणून ते दार दिवसभर उघडं ठेवत.

मुलगी दूरदेशी. तिचा फोन रविवारी येई. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं, "बाबा, धक्क्यावर जाता ना?"

'नाही' म्हटलं असतं तर पुढचा अर्धा तास तिला समजावण्यात गेला असता. "जातो की," ते म्हणाले.

"एकटेच?"

आणि नेमकी तेव्हा दाराची बेल वाजली. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन उभा होता. लिफ्टकाका त्याच्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "नाही गं. एक पोस्टमन भेटलाय. रिटायर्ड आहे. तो असतो बरोबर."

त्या पोस्टमननं सही घेतली आणि तो निघून गेला. दुसरा मात्र राहिला. एकदा घरात घेतल्यावर त्याचं सगळं करावं लागलं. मुलगी दर आठवड्याला विचारी, "पोस्टमनकाका काय म्हणतात?" मग त्याला दुखरा गुडघा द्यावा लागला. चहात तीन चमचे साखर द्यावी लागली. तो भरपूर बोलायला लागला, लिफ्टकाकांच्या टोपीला नावं ठेवायला लागला, गळ टाकून झाला की डुलक्या काढायला लागला. थाप मारायची म्हणजे डोक्याला ताप असतो, पण या थापेचा लिफ्टकाकांना कधी ताप झाला नाही. उलट शनिवारी भांडी घासताना, उद्या त्याच्या तोंडी काय घालायचं याचा विचार करण्यात त्यांचा वेळ बरा जाई. घरात तेवढंच कोणीतरी बोलणारं होतं.

मागच्या महिन्यात मात्र हात जरा सैल सुटला. "मोठा मासा लागला होता," ते म्हणाले. "ऐनवेळी रीळ अडकलं. आत मीठ जमलंय. पोस्टमन असा चिडला माझ्यावर!" मुलगी खळखळून हसली. तिला हसताना ऐकून किती दिवस झाले होते! ते स्वतःवर खूश झाले, आणि तीन आठवड्यांनी हे खोकं दारात आलं. आत चिठ्ठी होती: 'खाऱ्या पाण्यासाठीचं खास आहे. रविवारी धक्क्यावर न्या. पहिल्यांदा वापरून कसं वाटलं ते दोघांनीही सांगा. पोस्टमनकाकांचं मत मला वेगळं हवंय.'

आली का पंचाईत.

आणि आज शनिवार होता.

रिळावर दोरा भरायचा तर दोन माणसं लागतात. एकानं काठी धरून मूठ फिरवायची, दुसऱ्यानं समोर बसून दोऱ्याचं बंडल पेन्सिलीत अडकवून धरायचं आणि दोरा ओल्या फडक्यातून चिमटीत दाबून सोडायचा. दाब नसला की दोरा सैल बसतो, आणि सैल बसलेला दोरा पहिल्याच फेकीला सगळाच्या सगळा गोळा होऊन बाहेर येतो. हे समोर बसायचं काम बायकोचं. ती नखशिखांत कंटाळलेली असे, पण बसे.

"हळू जरा, हात भाजला माझा!" ती ओरडे.

"लिफ्टचा दोर असता तर काय केलं असतंस?"

"सोडून दिला असता. तुम्ही आत असतात तरी."

जुनं रीळ इतकं खडखडे की हे सगळं ओरडूनच बोलावं लागे. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला पहिलं वर्षभर वाटायचं की नवराबायकोचं भांडण चाललंय.

लिफ्टकाकांनी आधी स्वयंपाकघरातल्या दोन ड्रॉवरच्या कड्यांत पेन्सिल अडकवली. बंडल सुसाट फिरलं आणि दोऱ्याची वेटोळी फरशीवर पसरली. मग खुर्चीत बसून त्यांनी पेन्सिल पायांच्या बोटांत धरली. दहा वेढे झाले असतील नसतील, पोटरीत असा गोळा आला की ते काठीसकट उभे राहिले. शिक्षिकेला बोलवावं असं एकदा मनात आलं. जिन्यापर्यंत गेलेही. पण ती विचारणार, 'कोणाबरोबर जाता?' तिला काय सांगायचं? ते परत फिरले.

फडकं गळाच्या डब्यात तळाशी होतं. बायकोच्या जुन्या सुती झग्याचा, निळ्या ठिपक्यांचा तुकडा. उलगडला तर मधोमध बारीक बारीक चरे पडलेले दिसले, दोरा जिथून सरकायचा तिथे. सव्वीस वर्षांत असे किती तुकडे झिजले असतील कोण जाणे. हा शेवटचा, म्हणून राहिला होता. ते बराच वेळ तो हातात घेऊन बसले. मग त्यांनी तो नळाखाली भिजवला आणि पिळला.

बंडल पाण्याच्या बादलीत टाकलं, बादली बायकोच्या खुर्चीवर ठेवली. काठी गुडघ्यांत आवळली, डाव्या हाताच्या चिमटीत फडकं आणि फडक्यात दोरा धरला, उजव्या हातानं मूठ फिरवायला घेतली. जमलं. दोरा ताठ येत होता आणि चकरीवर एकाला एक चिकटून बसत होता. रीळ खरोखरच चांगलं होतं. एवढ्या ताणाखालीसुद्धा त्याचा आवाज नव्हता.

आवाज नव्हता म्हणून फ्रिजचा ऐकू येत होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. खाली शिक्षिकेचा नळ सुरू झाला, बंद झाला. हे सगळे आवाज रोजचेच असणार, पण दोरा भरताना ते कधी ऐकू आले नव्हते. लिफ्टकाकांना अगदी एकटं वाटलं. बायकोला स्मशानात पोचवून ते घरी आले तेव्हाही असं वाटलं नव्हतं, घर माणसांनी भरलेलं होतं तेव्हा. त्यांचा हात जोरात फिरायला लागला. फडकं सरकलं, दोरा थेट बोटावर आला आणि चरचरत गेला. त्यांनी हात झटकला, बोट तोंडात घातलं आणि वाट बघितली. कोणी 'हळू' म्हणालं नाही.

उरलेला दोरा त्यांनी सावकाश भरला.

रविवारी सकाळी काठी दारामागून निघाली, फडकं खिशात गेलं. घडीची दोन स्टुलं एका पट्ट्यानं बांधलेली होती. ती गाठ बायकोची, सुटायला अवघड. म्हणून दोन्ही आली. धक्क्यावर त्यांनी एकावर पिशवी ठेवली, एकावर ते बसले. त्यांची नेहमीची जागा, तिसऱ्या खांबाजवळची, रिकामीच होती. पाणी होतं तसंच होतं. आठ महिने त्यांनी उगाच धास्ती घेतली होती की तिथे काहीतरी वेगळं दिसेल.

पहिली फेक टाकताना त्यांनी श्वास रोखला. दोरा गोळा झाला नाही. सरसरत निघाला आणि जुन्या रिळानं कधी गेला नव्हता इतक्या लांब जाऊन पडला. "आयला!" लिफ्टकाका म्हणाले, आणि सवयीनं शेजारी बघितलं. पिशवी होती.

फोन वाजला.

"बाबा! आहात का धक्क्यावर?"

"आहे. ऐक," त्यांनी फोन पाण्याच्या दिशेला धरला. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते खरं बोलत होते, आणि ते तिला कसं कळणार याचं त्यांना वाईट वाटलं.

"सांगा ना, कसं वाटलं रीळ?"

"चांगलं आहे. हलकं आहे. लांब जातं. उलटं फिरत नाही, पण आता कोणतंच फिरत नाही म्हणे." मग ते म्हणाले, "आवाजच करत नाही गं अजिबात."

"मग बरंच झालं की."

"हो. बरंच."

"आणि पोस्टमनकाका? द्या ना त्यांना फोन. इतके दिवस नुसतं ऐकतेय, एकदा बोलते तरी."

"तो... तो पुढे गेलाय. टोकाला. तिथे गळ टाकून बसलाय."

"बरं. पण बघितलं ना त्यांनी रीळ? काय म्हणाले?"

शनिवारचा सगळा दिवस दोरा भरण्यात गेला होता. पोस्टमनच्या तोंडी काय घालायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं. लिफ्टकाका रिळाकडे बघत राहिले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले.

"तो काय म्हणणार? त्यानं हातात घेतलं, इकडून तिकडून बघितलं, आणि म्हणाला, 'आज हसतंय. वर्षानं बघू.'"

पलीकडून काहीच आलं नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं. नवा फ्रिज आला तेव्हा बायको हेच म्हणाली होती. इमारतीला नवा रंग दिला तेव्हा हेच. मुलीनं पहिल्यांदा त्या मुलाला घरी आणलं, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन, पण बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आज हसतोय, वर्षानं बघू." मुलगी दोन दिवस आईशी बोलली नव्हती. पुढे लग्नाला वर्ष झालं त्या दिवशी तिनंच आईला फोन करून सांगितलं होतं, "अजून हसतोय गं."

टोपीला नावं ठेवणारी कोण होती? डुलक्या कोण काढत होतं? लिफ्टकाकांचे कान गरम झाले. फोन कापला असावा असं वाटून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. कापला नव्हता. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते.

"बाबा," मुलगी म्हणाली. आवाज जरा बसलेला होता. "दोरा भरायला कोण बसलं होतं समोर? पोस्टमनकाकाच का?"

"हो," लिफ्टकाका म्हणाले. "तोच."

"मग विचारा त्यांना," ती म्हणाली. "विचारा, हात भाजला का."

त्यांनी डावा हात उघडून बघितला. पहिल्या बोटाच्या पेरावर दोऱ्याची लाल रेघ होती.

"भाजला," ते म्हणाले. "पण बोलला नाही काही."

"आई बोलायची."

"हो. ती बोलायची."

मग मुलगी म्हणाली, "पुढच्या रविवारी करते फोन. याच वेळेला. तिथेच असाल ना?"

"इथेच," लिफ्टकाका म्हणाले.

फोन खिशात ठेवताना हाताला फडकं लागलं. ते बाहेर काढून त्यांनी बोटाला गुंडाळलं, काठी उचलली आणि दोरा ओढून घ्यायला सुरुवात केली. नवं रीळ मुकाट्यानं फिरत होतं.

"हळू जरा," लिफ्टकाका मोठ्यानं म्हणाले, आणि मूठ हळू फिरवू लागले.