सोसण्याला इंग्रजीत काय म्हणतात

सिंधूचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. बुऱ्हाणपूरच्या इंग्रजी क्लासात ज्योत्स्ना मॅडमनी आज 'पुट अप विथ' शिकवलं. म्हणजे सोसणं, पण आवडीनं नव्हे, नाइलाजानं. डास असोत, उकाडा असो की भांडकुदळ शेजारीण, कशालाही लावा. आणि आधी 'वोन्ट' जोडलं की झालं, आता बास! बायकांनी भराभर वाक्यं केली, कुणी लाइट जाण्याचं, कुणी नळाच्या पाण्याचं. सिंधूची पाळी आली तर तिला एक सुचेना. सुचेना कसलं, इतकी सुचली की कोणतं सांगावं तेच कळेना.

दापोऱ्याला घरी आली तर ओसरीवर जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ भाईदास, फर्मान सोडत बसलेला. सिंधूची पोरगी कविता बारावी झाली, तेवढं पुरे. जैनाबादचं स्थळ चांगलं आहे, केळीची बाग आहे. नर्सिंग शिकायला इंदूरला धाडायचं काही काम नाही. सिंधूचा नवरा यशवंत खाली मान घालून सुपारी कातरत होता. स्वतःच्या पोरीसाठी एक शब्द नाही! मेल्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं की काय!

त्या घरात धाकट्या सुनेनं जेठाशी बोलायचं नाही, अशी रीत. सांगायचं ते दाराआडून, पोरीच्या तोंडून. लग्न होऊन आल्यापासून सिंधू तशीच वागत आली. आजही मागच्या दारानं आत जाऊन दाराआड उभी राहिली. आता पोटच्या पोरीचं आयुष्य बांधून टाकतायत, आणि आईनं पदराआड कुजबुजायचं! जळो ती रीत!

"कविता, आईला म्हणावं, रविवारी पाहुणे येतील," भाईदास दारातल्या कविताला म्हणाला. "मांडे कर म्हणावं."

सिंधू तरातरा ओसरीवर आली. मराठीत बोलायची बंदी होती ना? इंग्रजीत तर कुणी घातली नव्हती!

"आय हॅव पुट अप विथ यू," ती म्हणाली. "आय वोन्ट पुट अप विथ यू एनी मोअर!"

यशवंतचा अडकित्ता थांबला.

"क्या बोली ये?" भाईदास ओरडला. "कविता, काय म्हणते तुझी आई?"

कविता गप्प. तिला अर्थ पक्का कळला होता, पण जीभ उचलेना.

ते पाहून सिंधूच्या अंगाची आग झाली. सोसायचं कसं, ते पोरीलाही आपणच शिकवलं! तिनं पदर मागे सारला.

"तिला कशाला विचारता? अर्थ मी सांगते. लई सोसलं तुमचं. आता नाही सोसणार. माझी पोरगी इंदूरला जाणार."

भाईदासचं तोंड लालबुंद झालं. त्यानं सवयीनं पुन्हा कविताकडेच पाहिलं.

"कविता, तुझ्या आईला म्हणावं..."

"मलाच म्हणा, दादा," सिंधू म्हणाली. "मी इथंच उभी आहे."