भिंतीतलं अस्सल कोरियन गाणं

‘मी अध्यक्ष आहे तोवर या सोसायटीत जपानी गाण्याचा एक सूरसुद्धा वाजणार नाही,’ पियो गिलसोप म्हणाले. ज्येष्ठांच्या खोलीतल्या म्हाताऱ्यांनी पत्ते खेळता खेळता माना डोलावल्या; जपानने एकेकाळी कोरियावर राज्य केलं, तो राग त्यांच्या मनातून गेला नव्हता. ते फुलाफुलांचे पत्तेही मूळ जपानचेच, पण हा विषय तिथे कोणी काढत नसे.

बुसानमधल्या त्या आठशे बारा घरांच्या सोसायटीत शुक्रवारी अध्यक्षपदाची निवडणूक होती. पियोंना तिसऱ्यांदा निवडून यायचं होतं. समोर बोंगबाई उभ्या होत्या, पण म्हातारे आपल्याच खिशात, असा पियोंचा हिशोब होता.

घरी आले तर लेक सेरी आरशासमोर केस विंचरत जपानी गाणं म्हणत होती.

‘शुक्रवारपर्यंत तरी थांब गं. भिंती पातळ आहेत.’

‘बाबा, वरचा पोरगा हेच ऐकतो. खालच्या दोघी पण. गेल्या महिन्यात सोलला जपानी गायक आला, तिकिटं चार मिनिटांत संपली.’

‘शब्द तरी कळतात का तुम्हाला?’

‘तुम्हाला कळत नाहीत म्हणून आमचं अडतं होय?’

पियोंनी ठरवलं, या पोरांना एकदा अस्सल कोरियन गाणं ऐकवायचंच. सोसायटीच्या ऑफिसातून येणाऱ्या सूचनांचा स्पीकर प्रत्येक घराच्या भिंतीत असतो आणि तो बंद करायची सोय नसते. बुधवारी संध्याकाळी पियोंनी माइक हातात घेतला. ओला कचरा वेगळा ठेवा म्हणून सांगून झालं, मग त्यांनी आपल्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं लावलं. याच गाण्यावर नाचून त्यांनी बायकोला पटवलं होतं.

‘ऐका. याला म्हणतात आपल्या मातीतलं.’

पहिलं कडवं शांततेत पार पडलं. धृपद आलं आणि बाल्कन्याबाल्कन्यांतून पोरं गायला लागली. चाल तीच, शब्द जपानी.

ऑफिसचे मॅनेजर जिन टेबलाकडे बघत म्हणाले, ‘साहेब, तेव्हा जपानी गाण्यांवर बंदी होती ना. मग आपले लोक चाली बिनधास्त उचलायचे. पकडणार कोण? आता पोरांना मूळ गाणं सापडलंय.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘होतं की. पण तुम्ही माइक कुठे सोडत होता?’

तासाभरात ज्येष्ठांच्या खोलीतून निरोप आला, आमची सगळी मतं बोंगबाईंना.

गुरुवारी सकाळी पियोंनी आकडेमोड केली. म्हातारे दोनशे, तरुण तीनशेच्या वर. दुपारी ते भिंतीतून बोलले, ‘उद्या पाच ते सात, खेळाच्या मैदानात जपानी गाण्यांची संध्याकाळ. कलेला सीमा नसते.’

‘बाबा, कालपर्यंत तर तुम्ही...’ सेरी म्हणाली.

‘कालपर्यंत मी अभ्यास करत होतो.’

मतदान फोनवरून होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. म्हाताऱ्यांनी सकाळी नाश्त्याआधीच मतं देऊन टाकली, पोरांनी ते काम संध्याकाळवर ठेवलं. पाचला मैदान गच्च भरलं. पोरांनी फोनचे दिवे लावले, हात उंच केले आणि गाण्यामागून गाणी म्हणत डोलत राहिली. सातपर्यंत कोणीही हात खाली घेतला नाही.

पियोंना चार मतं पडली. त्यात त्यांचं स्वतःचं नव्हतं. सहा वाजता तेही फोनचा दिवा हलवत होते.