बरणीतलं मुरलेलं औषध

न्हाव्याच्या दुकानातली काचेची बरणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. कंगवे, कात्र्या, वस्तरा, सगळं तिच्यातल्या निळ्या जंतुनाशकात बुचकळायचं. पातळी उतरली की हा गडी वरून पाणी ओतायचा. बायको म्हणायची, अहो, रंग उडालाय त्याचा. हा म्हणे, औषध मुरलंय, तुला काय कळतंय. नवं औषध शेवटचं कधी घातलं, हे त्याच्याही लक्षात नव्हतं.

लेकीला कॉलेजात प्रयोग होता: जंतुनाशक किती पातळ केलं की जंतू मरेनासे होतात. तिने नव्या बाटलीतलं औषध कमी-जास्त पाण्यात मिसळून चार नमुने केले आणि पाचवा म्हणून बरणीतलं थोडं मागितलं. बापाची छाती फुगली. आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला तो ऐकवत सुटला की आपलं औषध परीक्षेला बसलंय, पहिलंच येणार. लेकीला निकाल विचारला की ती मात्र "सांगते नंतर" म्हणून सटकायची.

रविवारी एक नेहमीचे सर दाढीला आले. ते आपल्या लेकीला शिकवतात, हे याला ठाऊक नव्हतं आणि ती याची लेक, हे त्यांना. अर्धी दाढी झाल्यावर सर सहज बोलू लागले. एका पोरीने बशीत जंतू वाढवून त्यांच्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. कडक औषधाच्या टिकलीभोवती जंतू साफ. पाणी वाढलं तसं ते रिकामं वर्तुळ आक्रसत गेलं. पाचवी टिकली कुठल्याशा सलूनमधली. तिला खेटून जंतू मजेत नांदत होते. सलून कुणाचं, ते पोरगी काही केल्या सांगेना. नमुना कुठला ते लिहिलं नाही तर मार्क कापणार म्हटलं, तरी ढिम्म.

"असल्या माणसाच्या हाती मी मान देणार नाही," सर म्हणाले आणि मान मागे टाकून डोळे मिटून पडले.

न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, पहिल्या नंबराची बढाई ऐकून गेलेली. पण आपली अब्रू झाकायला पोर मार्कांवर पाणी सोडतेय, या विचाराने त्याला भरून आलं.

"सर, ती माझी मुलगी. आणि सलून हेच."

सरांनी खाडकन डोळे उघडले. अर्ध्या गालावर फेस, उठून जाणार कुठे? न्हाव्याने बरणी मोरीत उपडी केली, घासली, नवी बाटली काढली आणि तिच्यावरचं लेबल जन्मात पहिल्यांदा वाचलं. औषध झाकणाने मोजून घातलं, पाणीही मोजून. वस्तरा धुऊन त्यात बुडवला. दहा मिनिटं ठेवा, असं लिहिलं होतं.

"आणि मार्क?" त्याने हळूच विचारलं.

"देतो," सर म्हणाले. "आधी घड्याळ बघा."