विसरता येत नाही

क्षिप्रा बर्वे आठवडाभर सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या एका बँकेत ऑडिटचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी एका लहानशा वेबसाइटसाठी सिनेमांवर लिहायची. संपादक मेल्विनने तिला एका अमेरिकन सिनेमाच्या प्रेस शोला पाठवलं. सिनेमा मोठ्या स्टुडिओचा नव्हता; एका तरुण दिग्दर्शकाने स्वतःच्या हिमतीवर केलेला, शाळकरी मुलांवरचा. तिकडच्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता.

मध्यावर एक प्रसंग आला. कपडे बदलायच्या खोलीत चार-पाच मुली एकीला भिंतीशी दाबून धरतात आणि कात्रीने तिचे केस भादरतात. कॅमेरा तिच्या तोंडावरून हलतच नाही. नाक वाहतंय, ओठ थरथरताहेत, ती आईला हाका मारतेय. प्रसंग संपेचना. दिग्दर्शकाने मुलाखतींत अभिमानाने सांगितलं होतं, केस खरोखर कापणार हे ते काम करणाऱ्या मुलीला आधी कळू दिलं नव्हतं. रडणं अस्सल होतं.

"किती खरं!" शेजारचा समीक्षक पुटपुटला.

क्षिप्रा उठली. बाहेर जाऊन ती बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

तिने लिहिलं, "हा सिनेमा विसरता येत नाही, जेवणात निघालेली पाल विसरता येत नाही, तसा."

पुढच्याच आठवड्यात तिची पंधरा वर्षांची मुलगी जाई शाळेतून उड्या मारत आली. "आई, हौगांग स्टेशनवर तुझं नाव! You're famous, lah!" फोनमधल्या फोटोत सिनेमाचं पोस्टर होतं. त्या मुलीचं भादरलेलं डोकं, आणि खाली ठळक अक्षरांत: 'विसरता येत नाही.' – क्षिप्रा बर्वे.

तिने लगेच मेल्विनला फोन लावला.

"शब्द तुझेच आहेत ना?" तो म्हणाला. "सगळेच वितरक असं करतात. आपल्या साइटचं नाव झालं, ते बघ."

"माझ्या तोंडची ओकारी पुसून तुम्ही तिचं अत्तर केलंत," क्षिप्रा म्हणाली. पोस्टर काही उतरलं नाही.

दिग्दर्शक सिंगापूरला आला तेव्हा ती तिकीट काढून त्याच्या खास खेळाला गेली. जाई हट्टाने सोबत आली. खेळानंतर प्रश्नोत्तरं सुरू झाली. क्षिप्राने माइक घेतला आणि आपलं वाक्य पालीसकट वाचून दाखवलं.

दिग्दर्शक प्रसन्न हसला. "थँक यू. हीच किळस मला हवी होती. कलेने अस्वस्थ करायलाच हवं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्षिप्राला क्षणभर वाटलं, आपण या माणसाला काहीही म्हटलं तरी तो ते चाटूनपुसून खाईल. पण ती खाली बसली नाही.

"त्या मुलीने हा सिनेमा पाहिलाय?"

त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. "तिला... जरा अवघड गेलं ते. नाही, अजून नाही."

"ती तुमच्याशी बोलते?"

सूत्रसंचालिकेने हसत माइक काढून घेतला. पुढचा प्रश्न कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल होता. मागच्या रांगेतली एक पिकल्या केसांची चिनी बाई तेवढी उठून निघून गेली. बाकीचे दिग्दर्शकासोबत फोटो काढायला थांबले.

परतताना एमआरटीच्या गाडीत मेल्विनचा मेसेज आला: तुझे प्रश्न कळले; यापुढे प्रेस शोला दुसरं कुणी जाईल. क्षिप्राने फोन पर्समध्ये टाकला. तोंडाची कडवट चव जात नव्हती.

जाई खिडकीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "आई, तिला आधी विचारलं असतं ना, तरी ती हो म्हणाली असती. सगळे मोठे लोक उभे असताना नाही कसं म्हणणार? मीपण हो म्हटलं असतं."

क्षिप्राने तिचा हात घट्ट धरला. आपलं स्टेशन येऊन गेलं, तेही दोघींच्या लक्षात आलं नाही.