आकाराम मेस्त्रींचा कॅमेरा

एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं इंजिनं खोलून काढलेले आकाराम मेस्त्री दोन हजार सात साली निवृत्त झाले, तेव्हा पुण्याच्या लेकीनं, शिवानीनं, त्यांना मोठा डिजिटल कॅमेरा पाठवला. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर बापाचा किती जीव होता, हे तिला ठाऊक होतं. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मेस्त्रींनी ते उघडलंही नाही. "मशीन हाताला समजतंय," म्हणाले, आणि हाताला येईल ते बटण दाबलं, दिसेल ते चाक फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळंब्याच्या तळ्यावर गेले. डोळा लावून बघतात तर सगळं धुरकट! पाण्यातला बगळा म्हणजे कापसाचा बोळा. चष्मा पुसला, काच पुसली, पुढची नळी फिरवून बघितली. काही फरक नाही. वैतागून बटण दाबलं, तर मागच्या पडद्यावर बगळा उमटला, अगदी पीसन् पीस मोजून घ्यावं असा. मेस्त्री चक्रावले. बिघाड असला की गाडी अडते, एवढंच त्यांना आजवर माहीत. इथं बिघाड होता आणि गाडी पळतही होती.

परतताना मनात नको ती शंका शिरली. कॅमेऱ्याला दिसतंय, आपल्याला दिसत नाही. मोतीबिंदू तर नव्हे? बायकोला काही न सांगता ते डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं अक्षरं वाचून घेतली, उजेड मारून बघितला.

"मामा, डोळे ठणठणीत हायेत. नंबरसुद्धा तोच हाय."

"मग धुरकट का दिसतंय?"

"कुठं दिसतंय धुरकट?"

"कॅमेऱ्यात."

डॉक्टरनं त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी चिमणाबाई वाटच बघत होत्या. "सकाळधरनं तोंड उतरलंय तुमचं. त्या यंत्रानं काय केलंय? आणा हिकडं."

एक डोळा गच्च मिटून त्यांनी कॅमेरा परसातल्या पेरूकडं धरला. "मला तर लख्ख दिसतंय की! पानावरचा मुंगळा बी दिसतोय."

मेस्त्रींना काहीच उमजेना. डॉक्टर म्हणतो डोळे चांगले, बायको म्हणते कॅमेरा चांगला. मग वाईट काय?

"हे बारकं चाक कशाचं वं?" डोळा लावायच्या खिडकीशेजारचं हरभऱ्याएवढं चाक चिमणाबाईंनी बोटानं सरकवलं. "आत्ता गं बया! माझं बी धुरकटलं!"

मेस्त्रींनी कॅमेरा जवळजवळ हिसकावलाच. डोळा लावला, तर पेरू, पान, मुंगळा, सगळं लख्ख, जागच्या जागी. ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणं खिडकीला नंबर लावायचं ते चाक होतं, आणि आदल्या दिवशी त्यांच्याच अंगठ्यानं ते भलतीकडं गेलं होतं.

"पुस्तक बघितलं असतं तर कळलं असतं की," चिमणाबाई म्हणाल्या.

"इंग्रजी हाय ते."

"चित्रं तर हायेत!"

मग दोघं पुस्तक घेऊन सोप्यात बसली. तिसऱ्याच पानावर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या मोठ्या चाकाचं चित्र होतं. त्यावर एक डोंगर, एक फूल आणि एक पळणारा माणूस; ज्याचा फोटो काढायचा, त्याची खूण.

"ह्यो कुठं पळतोय?" चिमणाबाईंनी विचारलं.

मेस्त्रींनी चष्मा वर सरकवला. पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. मग ते मिटून ठेवलं, कॅमेरा उचलला आणि मोठं चाक त्या पळणाऱ्या माणसावर फिरवलं.