दोरीबाहेरची खूण

धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेच्या हॉलात जिल्ह्याच्या जिम्नॅस्टिक्स संघाची निवड चालू होती. पालकांना दोरीबाहेर बसवलं होतं. मुलांशी बोलायचं नाही, अशी संघ निवडणाऱ्या आसावरी मॅडमची सक्त ताकीद होती, आणि या मॅडमपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. हरेश तर दोरीला नाक लावून बसला होता. सकाळपासून त्याच्या घशाखाली घोटभर चहासुद्धा उतरला नव्हता.

त्याची मुलगी रीमा व्हॉल्टच्या रांगेत उभी होती. धावत यायचं, उंच टेबलावर दोन्ही हात टेकायचे आणि कोलांटी घेऊन पलीकडे उभं राहायचं. पहिली उडी तिनं बरी मारली होती. दुसरी साधली तर ती संघात, नाहीतर घरी. टेमघरच्या त्यांच्या आळीतली पोरगी आजवर कधी जिल्ह्याकडून खेळली नव्हती, आणि हरेशनं अर्ध्या आळीला आधीच सांगून ठेवलं होतं. माणसाला जीभ आवरत नाही ती अशी.

रीमानं वळून त्याच्याकडे पाहिलं. छातीशी दोन बोटं कात्रीसारखी उघडली, मिटली, आणि उजव्या मनगटाला हात लावला.

ही खूण हॉलात फक्त त्यालाच कळत होती. तो नारपोलीच्या कापड कारखान्यात जॉबर होता, बंद पडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळे हातांनीच बोलतात. कात्री म्हणजे धागा तुटला. डबा घेऊन येता-जाता रीमानं लहानपणीच ही भाषा उचलली होती. भाजी खारट झाली की बापलेक ताटावर बसून याच खुणा करायचे, आणि रीमाची आई वैशाली दोघांवर डाफरायची.

आज खुणेत थट्टा नव्हती. मनगट दुखतंय, काय करू, असं ती विचारत होती.

मॅडमना हाक मारणं सोपं होतं. पण मग उडी गेली, संघ गेला. कारखान्यात काठाचा एखादा धागा तुटला तर कुणी लूम थांबवत नाही, कापडाचा ताका पुरा विणून घेतात आणि मग बघतात. हरेशनं आयुष्यभर हेच केलं होतं. एकच तर उडी, त्यानं स्वतःला बजावलं. मग तर्जनी वर धरून गोल फिरवली. चालू ठेव.

रीमानं मान डोलावली आणि धावली.

हात टेकले तेव्हा तिचा चेहरा क्षणभर आक्रसला. तो कुणी पाहिला असो नसो, हरेशनं पाहिला. पण ती पलीकडे पायांवर उतरली, एक पाऊल मागे गेली आणि सावरली. टाळ्या पडल्या. थोड्या वेळानं नावं वाचली, त्यात शेवटचं नाव रीमाचं होतं. शेजारच्या बाईनं हरेशला पेढे मागितले. त्यानं कसंबसं हसून ‘देतो’ म्हटलं.

नाव पुकारल्यावर रीमानं हात वर केला, तो डावा. आसावरी मॅडमची नजर घारीची. त्या तिला दोरीपाशी घेऊन आल्या आणि उजवी बाही वर सारली. मनगट टम्म सुजलं होतं.

“हे कधीपासून?”

“आत्ता लागलं, मॅडम. उतरताना.”

“उतरताना तू हात टेकलाच नाहीस. उडीच्या आधी दुखत होतं का?”

“न्हाय.”

“रीमा, दुखणं लपवणारी मुलगी मी संघात ठेवत नाही. तुला माहीत आहे. कुणी सांगितलं होतं तुला लपवायला?”

“कुणी न्हाय. मीच.”

रीमा खाली बघत होती. बापाकडे तिनं चुकूनही पाहिलं नाही. तो मूग गिळून बसला असता तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं. पोरगी लबाड ठरली असती, एवढंच. आणि बोलला असता तर सगळ्या आईबापांसमोर अब्रू जाणार होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, कारण एवढं होऊनही तो हिशेबच करत होता.

तो दोरी ओलांडून आत गेला.

“मॅडम, तिनं लपवलं न्हाय. तिनं मला विचारलं. मीच सांगितलं, चालू ठेव.”

“कधी? तुम्ही तर जागेवरून हलला नाहीत.”

हरेशनं बोट वर धरलं आणि गोल फिरवून दाखवलं. ते बोट कुठे लपवावं, हे त्याला कळेना.

“आधी एक्स-रे काढा,” आसावरी मॅडम म्हणाल्या. “बरी झाली की पुढच्या वर्षी बघू. आणि यापुढे तिच्यासोबत तिच्या आईला पाठवा. तुम्ही हॉलात यायचं नाही.”

“बरं,” हरेश म्हणाला.

नाक्यावर दोघं रिक्षासाठी थांबली. हॉर्नच्या कलकलाटात रीमा दुखरा हात पोटाशी धरून उभी होती. संघ हुकला म्हणून ती रडेल, आपल्यावर चिडेल, अशी हरेशनं मनाची तयारी केली होती.

“पप्पा, तुम्ही थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते,” ती म्हणाली. “मॅडमना विचारलं तर त्या थांबवणारच, हे माहीत होतं. तुम्ही माझा हात बघून खरं काय ते सांगाल असं वाटलं, म्हणून तुम्हाला विचारलं.”

“मला हाव सुटली, बाय,” हरेश म्हणाला. “तुझा हात मला दिसलाच न्हाय.”

“दिसला होता,” रीमा म्हणाली, आणि समोर थांबलेल्या रिक्षात जाऊन बसली.