कमानपाट्याची तलवार

मी तलवार बोलतेय. घडण जपानी, जन्म परभणीचा आणि पोलाद जिंतूर रस्त्यावरचं. या तिन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान आहे.

तलवार होण्याआधी मी एका एस.टी.च्या चाकावरचा कमानपाटा होते. जिंतूरहून निघायचं, झरीला थांबायचं, परभणी गाठायची. टपावर गाठोडी, आत दाटीवाटीनं माणसं आणि खाली खड्डे. सगळ्यांचा भार घेऊन वाकायचं आणि लगेच पूर्ववत व्हायचं, हेच माझं काम. गाडी भंगारात निघाली, तेव्हा आश्रुबांनी मला लिलावातून घरी आणलं. डेपोच्या वर्कशॉपात त्यांनी उभी हयात घण मारला होता आणि त्याच वर्षी ते रिटायर झाले होते.

तलवार हवी होती त्यांच्या लेकीला. गीताबाई मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. औरंगाबादला शिकायला होती तेव्हा तिनं कराटेची गोडी लावून घेतली. तिथल्या गुरुजींकडे जपानी पद्धतीची एक नवी तलवार होती. ती हातात देऊन ते सांगायचे, चकाकीला भुलू नको. पातं डोळ्यासमोर धर, सरळ आहे का बघ. वाजव आणि नाद ऐक. आणि मूठ उतरवल्याशिवाय कुठल्याही तलवारीवर भरवसा टाकू नको. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो, त्याला शेपूट म्हणतात. तलवारीची सगळी ताकद त्या शेपटात.

या घराला तलवार कशाला हवी, असं शेजारणी विचारायच्या. त्यालाही कारण होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावाकडची त्यांची वस्ती जळाली होती. गीताबाई तेव्हा शाळकरी पोर. परभणीला खोली घेऊन राहिल्यावरही तिची आई सरजाबाई दिवस मावळला की कडी लावायची आणि दार वाजलं की दचकायची. ती गेली तेही त्याच धास्तीत. आपण असं जगायचं नाही, हे गीताबाईनं आईकडे बघूनच ठरवलं होतं.

आश्रुबा शेजारणींना शांतपणे सांगायचे, "सूड घ्यायचा असता तर घरात कोयता होताच की. ही तलवार पोरींचं भ्याव मोडायला हाय."

परसातल्या भट्टीत त्यांनी मला लाल केलं, ऐरणीवर ताणलं, हलका बाक दिला आणि तापवून तेलात बुडवलं. बाभळीची मूठ, मूठ आणि पात्याच्या मध्ये लोखंडी चकती, मुठीवर सुती दोरीची वीण आणि मूठ पात्याला धरून राहावी म्हणून बांबूची एक खीळ. गीताबाईनं मला एका टोकानं वाकवून सोडलं. मी झटकन पूर्ववत झाले. तिनं वाजवलं तेव्हा माझा नाद परसभर घुमला. पोलीस ठाण्यात दाखवून, रीतसर विचारून तिनं मला मुलींच्या कराटेच्या वर्गात आणलं.

दरवर्षी जयंतीला मैदानावर तिच्या मुलींचे खेळ व्हायचे. शेवटचा खेळ माझा. आश्रुबा सतरंजीवर उताणे निजायचे, पोटावर काकडी ठेवायची. गीताबाई मला डोक्यावरून झोकात खाली आणायची आणि काकडीचे दोन तुकडे करून कातडीला न लागता थांबवायची. दुसऱ्या कुणाला आश्रुबा निजू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "पातं मी घडवलं, त्याच्याखाली मीच निजणार."

लोक श्वास रोखून बघायचे. मी मात्र कधी घाबरले नाही. माझा हात नेमका होता. म्हणजे तिचा हात, पण इतक्या वर्षांत आम्ही दोघी वेगळ्या राहिलो नव्हतो.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. वस्तीत मिठाई वाटली गेली आणि मोठ्या कार्यक्रमाचं ठरलं. समितीचे अध्यक्ष भगवानराव, बँकेत नोकरीला असलेले हौशी गृहस्थ. त्यांनी रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगितलं, की गीता मॅडम तलवारीनं बापाच्या पोटावरची काकडी कापणार.

आदल्या दिवशी दुपारी गीताबाईनं तेल लावायला माझी मूठ उतरवली. बोटाच्या पेरानं पाठीवर टिचकी मारली. नाद निघाला, पण लगेच विझला. तिनं पुन्हा मारली. मग मला उन्हात नेऊन उलटसुलट बघत राहिली. माझं काही दुखत नव्हतं. मला वाटलं, तिच्याच कानात काही बिघाड आहे.

"दादा," ती बापाला म्हणाली, "हिचा आवाज बसलाय."

आश्रुबांनी टिचकी मारली, पण घणाच्या आवाजानं त्यांचे कान कधीच गेले होते; बोलणं ते ओठांवरून ओळखायचे, नाद मात्र नाही. त्यांना काहीच कळलं नाही. आपल्या हातच्या पात्यात खोट असूच शकत नाही, म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

तिनं वाद घातला नाही. शेपटावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर्गातला खडू किसून त्यावर थापला. आश्रुबा वळून बघू लागले. डेपोत पाट्यातली चीर ते अशीच शोधायचे. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूतून केसाएवढी काळी ओली रेघ वर आली. चकतीच्या अगदी खाली, मुठीत दडलेली.

आश्रुबांनी रेघेवरून नख फिरवून बघितलं. मग म्हणाले, "रेघ बारीक हाय. उद्याचा एक खेळ निघंल. सगळ्या गावात भोंगा फिरलाय, बाई."

"खाली तुमी निजणार हाव, दादा."

"म्हणूनच म्हणायलोय. जीव माजा हाय."

"हात माजा हाय," ती म्हणाली. "मी न्हाई उचलणार."

एवढ्यात भगवानराव आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांच्याकडे तोड होती. मुंबईहून आणलेली त्यांची तलवार त्यांनी घरून मागवली आणि हौसेनं पुढे केली. पात्यावर नक्षी, मुठीला लाल गोंडे. खरं सांगते, शेजारी ठेवल्यावर मी तिच्यापुढे झाडलोट करणारी दिसत होते. गीताबाईनं ती हलवली. आत खुळखुळ वाजलं. तिनं मूठ उतरवून भगवानरावांना दाखवली. शेपटाच्या जागी पेन्सिलीएवढी सळई डाग देऊन चिकटवलेली होती. भिंतीवर शोभेल, साहेब, पण माणसावर धरायची नाही, असं ती म्हणाली. भगवानराव भले गृहस्थ. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. लोकांना काय सांगायचं, एवढंच विचारलं.

ते गेल्यावर आश्रुबा उठले. माझं शेपूट त्यांनी लोखंडी पकडीत आवळलं, पात्याला गोणपाट गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी रेटा दिला. मला वाटलं, मी वाकेन आणि नेहमीसारखी सरळ होईन. पहिल्याच झटक्याला मी मोडले.

मोडलेलं तोंड त्यांनी उन्हात धरलं. अर्ध्याहून अधिक भाग जुन्या गंजानं काळा पडला होता. चांदीसारखी चमकत होती ती उरलेली कडच. चीर एस.टी.खाली असतानाच पडली असणार आणि हळूहळू वाढत गेली असणार. वर्षानुवर्षं मैदानावर प्रत्येक झटका त्या कडेनं एकटीनं पेलला होता.

आश्रुबा ऐरणीवर बसले. "डेपोत हरेक पाटा खडू लावून बघितला," ते म्हणाले. "घरचाच तेवढा बघितला न्हाई." गीताबाई त्यांच्याजवळ बसली आणि गोणपाटात गुंडाळलेलं पातं तिनं मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हसत होती. बाप जिवंत समोर बसला होता.

दुसऱ्या दिवशी मैदान तुडुंब भरलं होतं. मुलींनी नुसत्या हातांनी कौलं फोडली. मग गीताबाई माझे दोन तुकडे घेऊन माइकपाशी आली. काल काय झालं ते तिनं काही न लपवता सांगितलं आणि तुकडे लोकांत फिरवले. बायकांनी काळ्या भागावरून बोट फिरवलं. आश्रुबा पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. भगवानराव त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना हाताला धरून व्यासपीठावर घेऊन आले. टाळ्या ऐकू आल्या नसतील त्यांना, पण हात दिसले.

आता वर्गात नवी तलवार आहे. आश्रुबांनीच घडवली, कोऱ्या पोलादाची, आणि खडू लावून बघितल्यावरच लेकीच्या हातात दिली. मी खिडकीपाशी फळीवर असते. नवी मुलगी आली, की तिला आधी माझ्याकडे धाडतात. काळं कुठवर आणि पांढरं कुठून, ते ती बोटानं चाचपते, आणि मगच तिच्या हाती नवी तलवार येते. मैदानावर असताना लोक मला लांबून बघायचे. इथं मला हात लागतात.

कुणी भला माणूस अधूनमधून येतो आणि म्हणतो, बाई, द्या इकडे, डाग देऊन जोडून देतो, कळणारसुद्धा नाही. गीताबाई नको म्हणते. माझंही तुम्हाला तेच सांगणं आहे. माझ्यावर माया असेल, तर तेलाचा हात फिरवा. पण मला जोडू नका.